फत्तेखानाची जागा आणि दौलताबादचा हौद

आपल्या कोणत्याही व्यासपीठावर दलित-मुस्लिम सलोख्याचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत वक्ता महाडला पोहोचतो, आणि महाडला पोहोचला की फत्तेखानाचे नाव घेतो. टाळ्या पडतात. मीही त्या टाळ्यांत सामील झाले आहे. एका कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करताना तर ते नाव मीच घेतले होते आणि पहिल्या रांगेतल्या बुजुर्गांनी मान डोलावल्यावर मला स्वतःचेच कौतुक वाटले होते. आता ते नाव घेताना माझी जीभ अडखळते. फत्तेखानाबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण त्याच्या पाठीमागे आपण काय काय लपवून ठेवले आहे, ते मला गेल्या वर्षी कळले.

हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, तरी माझ्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या क्रमिक पुस्तकात महाड दोन ओळींत संपत असे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. कागदावर. तळ्यावर पाऊल ठेवायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरवलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा तो दुसरा दिवस. बाबासाहेब पुढे, हजारो माणसे मागे. ते पाणी प्याले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग लाठ्या निघाल्या. परतणारी, जेवत बसलेली माणसे झोडपली गेली. त्यांतल्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे तळे शुद्ध करण्यासाठी दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या एकशे आठ घागरी मंत्र म्हणत त्यात उपड्या केल्या गेल्या. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा महाडमध्ये मंडपाला कुणी जागा देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच जागेवर २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला मात्र चालतच राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाच्या निकालाने संपला.

फत्तेखानाने जे केले ते मोठेच होते. गावातल्या सावकार-सनातन्यांशी वैर घेऊन जागा देणे ही तोंडची गोष्ट नव्हे. पण त्याच कहाणीत आणखी एक वस्तुस्थिती आहे, जिच्यावर मी आजवर एकाही वक्त्याला थांबताना पाहिलेले नाही. चवदार तळ्यावर मुसलमानांना बंदी नव्हती. इतर धर्मांची माणसे तिथले पाणी घेऊ शकत, गुरेढोरे पिऊ शकत, मनाई फक्त अस्पृश्यांना. बाबासाहेबांनी परिषदेच्या भाषणातही याकडे बोट दाखवले आहे. म्हणजे वर्षानुवर्षे महाडचे मुसलमान त्या घाटावर घागरी भरत होते, आणि चार हातांवर महार बाई दुसऱ्या कुणीतरी ओंजळीत पाणी ओतावे म्हणून ताटकळत असेल, तर ती त्यांना दिसत होती. एक फत्तेखान पुढे आला. बाकीचे काय करत होते? आपण एकाचे नाव घेऊन सगळ्यांची हजेरी लावतो. वर्गात एक मूल उभे राहून साऱ्या बाकाची 'हाजिर' म्हणाले तर मी त्याला खाली बसवते.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मी पनवेलला एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. पनवेल आणि महाड एकाच जिल्ह्यात. कुलाब्याचे रायगड १९८१ साली झाले, पण जिल्हा तोच. मध्ये मुंबई-गोवा महामार्ग, ज्याच्या चौपदरीकरणाला आमच्या बाजूला २०११ साली सुरुवात झाली आणि ज्याच्यावर तेव्हापासून आमच्या मणक्यांची परीक्षा चालू आहे. आम्ही मुलांना महाडला नेले. चवदार तळे दाखवले, मधला बाबासाहेबांचा पुतळा दाखवला, राष्ट्रीय स्मारक दाखवले. मुलांनी फोटो काढले, पाण्यात हात बुडवले. एकाने विचारले, "टीचर, हे पाणी 'चवदार' म्हणजे गोड आहे का?" मला उत्तर देता आले नाही, मी चाखून पाहिले नव्हते.

परत आल्यावर संविधान दिनासाठी, म्हणजे २६ नोव्हेंबरसाठी, आम्ही पाण्याच्या हक्कावर एक छोटे प्रदर्शन करायचे ठरवले. कार्डशीटवर अकरा फलक, उर्दू आणि मराठी दोन्हींत. मुलांनी मेहनत केली. उर्दू खत सुंदर, मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, त्या मी रात्री बसून सुधारल्या. सातवा फलक फत्तेखानाचा होता. नववा दौलताबादचा.

दौलताबादची घटना बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात. साल १९३४. वेरूळची लेणी पाहायला निघालेली सुमारे तीस माणसांची मंडळी वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबली. महिना रमजानचा. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. काहींनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले. एवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत मागून धावत आला. या धेडांनी हौद बाटवला, असे त्याचे म्हणणे. पाठोपाठ लहानमोठे सगळे मुसलमान जमले, शिव्या सुरू झाल्या, हाणामारीची वेळ आली. बाबासाहेबांनी त्या जमावाला विचारले, तुमचा धर्म तुम्हाला हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या हौदावरून हाकलाल का? जमाव गप्प. शेवटी त्यांना किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन.

ही घटना कुणा विरोधकाने आपल्यावर रचलेली नाही. महाडला आपण साक्षीदार होतो, दौलताबादला आपणच काठी उगारणारे होतो. राज्य निजामाचे, पहारा आपला, महिना रमजानचा. उपवासाने कोरड पडलेल्या घशाची माणसे दुसऱ्याच्या पाण्यावर पहारा देत होती. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याला बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' हे जाहीर केल्यावर मुसलमान पुढाऱ्यांकडून त्यांना इस्लामची निमंत्रणे गेली. निमंत्रण देणाऱ्यांपैकी किती जणांना दौलताबादच्या हौदावर विचारलेला प्रश्न ठाऊक होता? त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडून अजून यायचे आहे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी व्यवस्थापनातले एक बुजुर्ग फलक पाहायला आले. अतिशय सज्जन माणूस, गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरणारा. सातव्या फलकापाशी उभे राहून त्यांनी मुलांना शाबासकी दिली. नवव्यापाशी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, बात सही है. लेकिन अभी नहीं." नववा फलक उतरला. प्रदर्शन पार पडले. पाहुण्यांनी सातव्या फलकापाशी उभे राहून फोटो काढले, बातमीही छापून आली. आकडे मात्र मुलांनी बदलले नव्हते. आठ आणि दहाच्या मध्ये भिंतीवर रिकामी जागा होती. कुणीही विचारले नाही.

"लेकिन अभी नहीं." हे वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. त्यामागे भय आहे आणि ते खोटे नाही. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला मोहसीन शेख हा संगणक अभियंता नमाज पढून परतताना मारला गेला. दाढी आणि टोपी एवढाच त्याचा गुन्हा. त्यानंतर आम्ही किती नावे ऐकली, मोजणे सोडून दिले. अशा काळात आपल्याच घरातली धुणी चव्हाट्यावर धुवायची, विरोधकाच्या हातात कोलीत द्यायचे, हे बुजुर्गांना परवडत नाही. मला हे समजते. पण एक सांगा, हे 'अभी' कधी संपणार? माझ्या अब्बांच्या तरुणपणी हेच ऐकायला मिळे, की दंगली होतात, आता नको. १९९२-९३ नंतर तर बोलायचीच सोय नव्हती. बरे दिवस आले की म्हणतात, आता कशाला जुने उकरायचे. वाईट दिवसांत भय आणि बऱ्या दिवसांत आळस. आणि कोलीत म्हणाल तर ते केव्हाच त्यांच्या हातात आहे. दौलताबादचा प्रसंग ते आपल्याविरुद्ध वापरतातच, कारण पुस्तक छापलेले आहे. आपल्या मुलांना तो प्रथम शत्रूच्या तोंडून कळतो आणि मग ती तो खोटा आहे म्हणून भांडत बसतात.

एनसीईआरटीने २०२२ मध्ये बारावीच्या पुस्तकांतून मुघल दरबारांचे प्रकरण काढले, २००२ च्या गुजरातच्या दंगलींवरची पाने काढली. आपण संतापलो. संताप योग्यच होता. मीही स्टाफरूममध्ये तावातावाने बोलले. इतिहास असा कात्रीने कापता येत नाही, असे आपण लेख लिहिले, सभा घेतल्या. मग आमच्या भिंतीवरचा नववा फलक कोणत्या कात्रीने कापला गेला? दिल्लीची कात्री मोठी, आमची छोटी, एवढाच फरक.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या इतिहासाची जी संग्रहालये आहेत, त्यांच्याबद्दल मी अलीकडे बरेच वाचले. तिकडे २०१७ पासून दर जानेवारीत वंशभेदाच्या जखमा भरून याव्यात म्हणून एक दिवस पाळतात आणि संग्रहालये त्या दिवशी कार्यक्रम ठेवतात. भाषणे, गाणी, एकत्र जेवण. आपल्या ईद मिलनासारखे. एवढेच असते तर मी त्यावर शाई खर्च केली नसती. पण अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात २६ एप्रिल २०१८ रोजी एक स्मारक खुले झाले, जमावाने ठेचून, फासावर टांगून मारलेल्या काळ्या माणसांचे. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाच्या संस्थेने ते उभारले. आठशेहून अधिक लोखंडी स्तंभ आहेत, एकेका काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा म्हणा, एकेक. त्यावर तिथे मारल्या गेलेल्यांची नावे. बाहेर त्याच स्तंभांच्या जुळ्या प्रती ठेवल्या आहेत. अपेक्षा अशी की प्रत्येक काउंटीने यावे, आपला स्तंभ आपल्या गावी न्यावा आणि उभा करावा. जवळच्या संग्रहालयात बरण्या आहेत. ज्या जागी खून झाला तिथली माती स्थानिक माणसांनी उकरून भरलेल्या, वर मेलेल्याचे नाव. कधी कधी माती भरणाऱ्यांत गोरी माणसेही असतात.

हे वाचताना मला महाडच्या एकशे आठ घागरी आठवल्या. एक समाज आपल्या पापाची माती बरणीत भरून नाव लिहून ठेवतो. दुसरा समाज माणसाचा स्पर्श धुऊन काढायला घागरी उपड्या करतो. आपण तिसरे. आपण घागर नाही आणि बरणीही नाही, आपण फत्तेखानाचा फोटो शोधतो, फ्लेक्सवर छापायला.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिथेही मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की सरकारी संग्रहालयांत देशाला कमीपणा आणणारे काही दाखवू नये. दुखरी पाने कोणत्याच सत्तेला आवडत नाहीत. पण तिथले ते स्मारक सरकारच्या भरवशावर उभे नाही, म्हणून अजून उभे आहे. आपल्याकडे स्मारक म्हटले की मंत्री, निधी, कोनशिला. त्यात मुसलमानांचे काय दाखवायचे आणि काय नाही, हे ठरवायला आपल्याला कुणी बोलावणार नाही. आपल्या शाळेची भिंत मात्र आपली आहे. तिथे कोण अडवते? आपणच.

"इस्लाममध्ये जातपात नाही," हे मी वर्गात शिकवते. खरेच आहे, इस्लाममध्ये नाही. मुसलमानांत आहे. दाखला लिहिताना माझ्या हातात जनरल रजिस्टर असते. जुन्या नोंदींत जातीच्या रकान्यात नुसते 'मुस्लिम'. महाराष्ट्र सरकारने १९९४ साली मुस्लिम ओबीसींना सवलती लागू केल्यापासून पालक येतात, की आमची जात लिहा, आम्ही बागवान, आम्ही मोमीन, आम्ही खाटीक, आम्ही पिंजारी. तहसील कार्यालयात जात सिद्ध करायला आजोबांचे कागद शोधत हिंडतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, हक्क आहे, घ्यावा. पण त्याच घरी मुलीचा रिश्ता आला की प्रथम बिरादरी विचारतात आणि जुम्याला ऐकून येतात की सगळे एका सफेत उभे. सफ एक असते, दस्तरखान एक असतेच असे नाही.

आणि आता माझे स्वतःचे, कारण दुसऱ्यांच्या भिंतींबद्दल एवढे लिहून स्वतःचे घर वगळणे बरे नव्हे. माझे आजोळ याच जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात. घर खोताचे. कोकणात खोत म्हटले की आपल्याला ब्राह्मण-मराठे आठवतात, पण मुसलमान खोतही थोडेथोडके नव्हते. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते आमच्याही विरुद्ध होते, हे मला बी.एड. झाल्यावर कळले. घरी ते कुणी सांगितले नव्हते. आजोळी लावणीच्या दिवसांत बौद्धवाडीतल्या बायका कामाला येत. दुपारी त्यांना चहा. पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेले चार कप उपडे ठेवलेले असत, ते त्यांचे. चहा मी वरून ओतायची, कपाला किटली लागू न देता. मी नऊ-दहा वर्षांची. कुणी मला 'शिवू नको' असे सांगितल्याचे आठवत नाही. मला ते आपोआप येत होते, जसे वुजू करणे येत होते. नानी पाच वक्ताची नमाजी, कुणाला उपाशी परत न पाठवणारी. ती वाईट बाई नव्हती. दौलताबादचा तो म्हाताराही कदाचित वाईट नसेल. पण ते कप होते, आणि ते ज्यांच्यासाठी होते त्या बायकांपैकी एकीचा नातू आज पनवेलला शिक्षक आहे. एका प्रशिक्षणात भेटला. आम्ही एकाच बाकावर बसून चहा प्यालो. मला कपांबद्दल बोलायचे होते. मी फत्तेखानाबद्दल बोलले. तो हसून म्हणाला, "हो, ऐकलंय."

त्या 'ऐकलंय'मध्ये सगळे आले. दलित मित्रांना आपण फत्तेखान इतक्या वेळा ऐकवला आहे की त्यांना तो पाठ आहे. ते सभ्य आहेत म्हणून पुढचे बोलत नाहीत. आपण एकदा तरी न विचारता दौलताबाद सांगितले, कोनाड्यातले कप सांगितले, तर कदाचित तेही त्यांच्या मनात आपल्याविषयी काय काय साठले आहे ते सांगतील. दंगलीत त्यांच्या पोरांना आपल्याविरुद्ध कसे पुढे केले जाते, तेही मग बोलता येईल. एकतर्फी उपकाराच्या गोष्टीवर कुणाशी दोस्ती होत नाही. तिच्यातून फार तर आभारप्रदर्शन निघते.

कुणी म्हणेल, बाई फत्तेखानालाच खाली खेचायला निघाली. नाही. मला उलट भीती वाटते की आपण त्याला पोकळ करून टाकू. फातिमा शेखचे काय झाले पाहा. आपण तिच्या तसबिरी लावल्या, जयंत्या केल्या, विशेषणे वाढवत गेलो, पण कागद शोधायचे कष्ट थोड्यांनीच घेतले. मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका पत्रकाराने सांगितले की ही बाई मीच कल्पनेतून घडवली, आणि आपण भांबावलो. तेव्हा तारले कुणी? १० ऑक्टोबर १८५६ ला सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्राने, ज्यात फातिमाचे नाव आहे. एक कागद. आपल्या शेकडो भाषणांचे त्यापुढे वजन किती? फत्तेखानाबद्दल तरी आपण काय शोधले? त्याचा व्यवसाय काय, गावाने पुढे त्याच्याशी कसे वर्तन केले, घरच्यांनी काय सोसले, हे महाडला जाऊन विचारायला हवे. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी गेले असेल तर मला जरूर कळवा.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे शंभरावे वर्ष म्हणजे २०२७. आपल्या संस्थांचे फ्लेक्स त्यात असणारच, पाण्याचे स्टॉल असणार, सरबत असणार. द्यावे पाणी, उन्हाचे दिवस असतात, पुण्याचे काम आहे. पण स्टॉलच्या मागच्या कापडावर फक्त सातवा फलक लागणार असेल तर मला त्यात उभे राहायचे नाही.

नववा फलक मी घरी आणला आहे. कपाटावर गुंडाळून ठेवला आहे, एका कोपऱ्याला झुरळाने कुरतडले. लिहिणारी मुलगी आता नववीत आहे. तिला 'हौद' शब्दाच्या खाली 'हौज' असे उर्दूत लिहायला मी सांगितले होते, कारण मशिदीत आपण ज्याच्या काठावर बसून वुजू करतो तोही हौजच. परवा तिने विचारले, "टीचर, वो चार्ट फेंक दिया क्या?" मी नाही म्हटले. पुढच्या २० मार्चला महाडला जाण्यासाठी एसटीच्या गाडीचा अर्ज मी लिहून दिला आहे, सोबत नेण्याच्या साहित्यात 'फलक, संख्या ११' असे नमूद करून. त्यावर अजून सही झालेली नाही.